आरशापुढचे कासव

यंत्राला बुद्धी आली, अशी वार्ता कानी पडताच आपल्यातील भाविक मंडळी एक ठरावीक उत्तर देतात: "यंत्र हिशेब करील, परंतु अमुक गोष्ट त्याला कधीच साधणार नाही." काही वर्षांनी ती अमुक गोष्ट यंत्राला साधते आणि मंडळी दुसऱ्या गोष्टीच्या शोधाला लागतात. आत्म्याचा कैवार घेण्याची ही रीतच मला घातक वाटते. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी दोन यांत्रिक कासवांनी तिचा फोलपणा केव्हाच उघड केला आहे.

मेंदूतील विद्युत्‌लहरींचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर यांनी ती १९४८-४९च्या सुमारास तेथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये बनविली. नावे एल्मर आणि एल्सी. तीन चाके, वर कवच, दोन मोटारी, एक बॅटरी. आणि मेंदू म्हणाल तर रेडिओत असत तसले दोन व्हॉल्व्ह व दोन रिले. पुढच्या चाकाबरोबर फिरणारा फोटोसेल हा त्यांचा डोळा. कवच कशाला आपटले की कासव मागेपुढे होत वळसा घाली. मंद प्रकाशाकडे ते धावे, प्रखर प्रकाशापासून अंग चोरी. पण बॅटरी उतरू लागली की तोच प्रखर प्रकाश त्याला हवासा होई आणि ते आपल्या खुराड्यात शिरे. तेथे दिवा असे आणि विजेचा खुराकही! १९५१ साली 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये लोकांनी अशी कासवे पाहिली.

खरी गंमत आरशापुढे झाली. कासवाच्या अंगावर एक लहानसा दिवा होता. फोटोसेलला पुरेसा प्रकाश मिळाला की तो विझे, एरवी पेटलेला राही. आरशात कासवाला आपलाच दिवा दिसे, म्हणून तो विझे. विझताच प्रकाश नाहीसा होई, म्हणून पुन्हा पेटे. कासव लुकलुकत थिरकत राही. हेच एखाद्या जनावरात दिसले असते, तर त्याला थोडेफार आत्मभान असल्याचा पुरावा म्हणून ते मान्य होऊ शकले असते, अशा आशयाचे वॉल्टर यांनी लिहिले.

या विधानाने जडवादी हरखतात, भाविक बिचकतात. दोघेही चुकतात. कासवाच्या पोटातील प्रत्येक तार आपल्याला ठाऊक आहे. त्या नाचाचा उलगडा करण्यासाठी तेथे कोणी 'मी' मानण्याची गरजच नाही. नापास झाली ती आपली परीक्षा. बाहेरच्या वागण्यावरून आतल्या जाणिवेचा निवाडा करता येतो, हे गृहीतच लंगडे निघाले.

आणि हे आपल्याला नवे का वाटावे? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांच्या चातुर्याची तुलना घड्याळाच्या गतीशी केली होती. त्यांच्या मते चातुर्य दिसते, म्हणून बुद्धी आहेच असे नव्हे. घड्याळाची शिस्त ही घडविणाऱ्याची असते. आपल्याच घरातील हे शहाणपण सोडून आपण यंत्रांशी करामतीची स्पर्धा लावून बसलो आहोत. आज संगणक पत्रे लिहितो, सांत्वनाचे चार शब्दही बोलतो. उद्या आणखी काही करील. करू द्यावे.

भय वेगळेच आहे. वागून दाखविणे हीच जर जाणिवेची आणि योग्यतेची मोजपट्टी ठरली, तर ती यंत्रापाशी थांबणार नाही. नातवंडांची नावे विसरलेल्या, हाकेला ओ न देणाऱ्या आजीच्या खाटेपाशीही ती आणली जाईल. 'आता त्यांच्यात काय उरले आहे?' असा प्रश्न हलक्या आवाजात का होईना, घरोघरी विचारला जातोच. आत्म्याचे रक्षण करतो असे मानून यंत्राच्या उणिवा मोजणारा भाविक नकळत हीच मोजपट्टी उचलून धरतो.

खुद्द वॉल्टर यांचेच पाहा. १९७० साली स्कूटरच्या अपघातात त्यांच्या मेंदूला जबर इजा झाली. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत आणि १९७७ साली वारले. आरशापुढच्या एल्सीला आत्मभानाचे प्रशस्तिपत्र देऊ पाहणाऱ्यांनी त्या सात वर्षांतील तिच्या निर्मात्याला कोणत्या इयत्तेत बसविले असते?