काकू, जैन करू का?



आज सँडविचवर लिहिणार आहे. हसू नका. माझ्या सासूबाईंनीही ऐकल्यावर आधी जपमाळ खाली ठेवली आणि मग म्हणाल्या, "पावावर काय लिहायचं गं?" पण त्यांच्यामुळेच हा लेख लिहितेय.

झालं असं, की लेकीची मैत्रीण घरी आली होती. पोहे खाता खाता सहज बोलून गेली, "काकू, हिला ना त्या कॅफेतलं पेरी पेरी सँडविच इतकं आवडतं, दर आठवड्याला तेच मागवते." लेकीचा चेहरा पडला. पेरी पेरी मसाल्यात लसूण असते हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. आणि गेलं वर्षभर ती मला सांगत होती, "आई, मी बाहेर फक्त जैन खाते."

मैत्रीण गेल्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लसूण खाल्ली ते राहू दे. लपवलं का, ते विचारलंस का तिला?"

विचारलं. ती म्हणाली, "आई, सगळे ऑर्डर देऊन मोकळे होतात आणि मी वेटरला दहा प्रश्न विचारत बसते. बटाटा आहे का, आलं आहे का, मेयोत काय आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मला लाज वाटते."

मला राग आला होता तो कुठच्या कुठे गेला, कारण ही लाज माझ्या ओळखीची आहे. लग्नाआधी नोकरीच्या ठिकाणी डब्यातला बटाटेवडा नको म्हणताना "पोट बरं नाही" असं मी कित्येकदा सांगितलंय. खोटंच की ते!

मग ठरवलं, की दर शनिवारी दुपारी चारला आम्ही दोघींनी निघायचं, सांगलीतल्या एका लहान जागी जायचं, सँडविच मागवायचं आणि प्रश्न मी विचारायचे. तिने फक्त बघायचं. सूर्यास्ताच्या आत घरी. दीड महिन्यात पाच ठिकाणं झाली. चव सांगतेच, पण माझं मत चवीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर बनलं.

सुरुवात कॉलेज कॉर्नरकडच्या एका गाडीपासून. मला तिथे जायचंच नव्हतं. लाकडी फळी, एक सुरी, एक ओला फडका. तीच सुरी उकडलेल्या बटाट्यावरून काकडीवर जाताना मी लांबून पाहिली होती. आम्ही उभ्या राहिलो तर गाडीवाले भाऊ स्वतःच म्हणाले, "काकू, जैन करू का?" मी म्हटलं, जैन म्हणजे तुम्ही काय करता ते आधी सांगा. त्यांनी खालून झाकणाचा डबा काढला. त्यात उकडलेली कच्ची केळी, सालं काढून. "सकाळी घरी कुकरला लावून आणतो. हिरवी चटणी दोन डब्यांत असते, ह्यात आलं नाही, लसूण नाही. बीट घालत नाही, त्याऐवजी ढोबळी मिरची घालतो. सुरी धुऊन घेतो, पण फळी एकच आहे काकू. चालत असेल तर करतो."

बीट! मैत्रिणींनो, आपल्यातल्याच किती जणी बीट विसरतात. कांदा-लसूण-बटाटा म्हणून थांबतात, आणि बीट-गाजर निमूटपणे पोटात जातं. ह्या भाऊंना कळतं. सँडविच उत्तम होतं. कच्चं केळं कोरडं पडतं, घशाला चिकटतं. ते त्यावर लोणी जरा जास्त फिरवतात, लिंबू पिळतात आणि चिमट्याच्या टोस्टरमध्ये दोन्ही बाजूंनी कडक भाजतात. साठ रुपये. फळीमुळे मी अर्धंच खाल्लं, लेकीने दीड.

दुसरं ठिकाण विश्रामबागेतलं, लेकीचं आवडतं. गार हवा, भिंतीवर झाडं, मेनूकार्डावर चौदा पदार्थांसमोर हिरव्या अक्षरांत "जैन". त्यात पेरी पेरी पनीरही. वेटर मुलगा अगदी गोड. "हो मॅडम, जैन आहे, कांदा-लसूण अजिबात घालत नाही." मी म्हटलं, मसाल्याचं पाकीट दाखव ना बाळा. त्याने आणलं. मागे घटकांच्या यादीत लसूण पावडर आणि कांदा पावडर. तो मुलगा खरोखर गोंधळला. त्याच्या दृष्टीने कांदा म्हणजे फळीवर चिरतात तो. मालकही आले, म्हणाले, "मॅडम, एवढं कोणी बघत नाही." दोनशे वीस रुपयांचं सँडविच न खाता आम्ही कॉफी पिऊन उठलो. लेक बाहेर येऊन म्हणाली, "आई, इतके दिवस मी मुद्दाम विचारत नव्हते. विचारलं असतं तर सोडावं लागलं असतं." हे तिने आपणहून सांगितलं, मी काही बोलले नाही.

तिसरी बेकरी. तिथे फार वेळ गेला नाही. एकाच काचेत अंडा पफ आणि व्हेज सँडविच, उचलायला चिमटा एकच. खारी घेतली नाही, काही नाही, परत.

चौथ्या जागेबद्दल लिहू की नको असा विचार दोन दिवस केला. मालक आपल्याच समाजातले. पाटीवर मोठ्या अक्षरांत "शुद्ध जैन". कंदमूळ आत येतच नाही, त्याबद्दल शंका नाही. पण तिथलं दही सँडविच मागवलं तर वर बेसनाची शेव भुरभुरवलेली. कच्चं दही आणि डाळीचं पीठ, म्हणजे द्विदल! पाठशाळेत आपण सगळ्या हे शिकलोय. सांगितलं तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "आजकाल एवढं कोण पाळतं?" आणि ही जागा रात्री अकरापर्यंत उघडी असते. आठ-साडेआठला मंदिरातून परतलेली मंडळी तिथेच उभी असतात. त्यात कधीकधी आमच्या घरचेही असतात (हे वाचतील, वाचू देत). रात्रीभोजन ज्याचं त्याने ठरवावं, माझी जबरदस्ती नाही. पण मग पाटीवर "कांदा-लसूण-कंदमूळ विरहित" लिहा, जे खरं आहे तेवढंच.

पाचवं शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका ताईंनी घराच्या पुढच्या खोलीत चालवलेलं. चार टेबलं. मी प्रश्न सुरू करायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, तुम्ही जैन का? मग आमचं ग्रिल घेऊ नका. चटणीत लसूण आहे आणि आज दुसरी केलेली नाही. काकडी-टोमॅटो-चीज साधं करून देते, मिरपूड घालून. सुरी-फळी नवी काढते." साध्या पावात काकडी, टोमॅटो, लोणी, चीज, मिरपूड. चवीला गाडीवरचं ह्याच्या दुप्पट चांगलं होतं. पण दीड महिन्यात मी निर्धास्त होऊन खाल्लेलं सँडविच ते एकच.

तिथे मदतीला त्यांचा मुलगा होता. त्याने मला विचारलं, "काकू, आलं चालत नाही तर चहाच्या मसाल्यात सुंठ कशी चालते? आणि हळद?" सांगलीच्या पोरानेच हे विचारावं! आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारपेठ तिच्यावर उभी, आणि हळद हा कंदच आहे. मी सांगितलं, की ओला कंद म्हणजे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. सुंठ, हळद वाळलेली असते, तिला पुन्हा अंकुर फुटत नाही, आणि ती भाजीसारखी पोटभर खात नाहीत. त्याने मान डोलावली. लेकीने मला हळूच विचारलं, "हे मला कधी सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. "नाही खायचं" एवढंच सांगितलं होतं, अठरा वर्षं.

तर माझं मत असं आहे, की पाटीवरच्या "जैन" शब्दावर विसंबणं आपण बंद करावं. तो शब्द कोणीही लिहितो, त्याला कुठला नियम नाही. पाकिटावरची हिरवी खूण नियमाची आहे, पण तिचा अर्थ आपला अर्थ नाही. अंड्याला ती मिळत नाही, हे बरं. बटाट्याला मिळते, लसणाला मिळते, मधालाही मिळते. हनी मस्टर्ड सँडविच हिरव्या खुणेचं असतं आणि आपल्या अष्टमूलगुणांत मधाचा त्याग पहिल्या तिनांत आहे. तेव्हा विचारावंच लागतं. चटणीत आलं-लसूण आहे का, सॉस आणि मसाल्याचं पाकीट बघू का, बटाट्याऐवजी काय, बीट-गाजर आहे का, सुरी धुऊन घ्याल का. मिनिटभराचं काम आहे.

पण विचारायचं कसं, ह्यातही आपलं चुकतं. "जैन बनवा, नीट बनवा हं" असं फर्मान सोडायचं, आणि काही राहिलं की सगळ्या हॉटेलसमोर आवाज चढवायचा. असं मी केलंय. समोरचा मग घाबरून "हो जैन आहे" म्हणतो आणि मोकळा होतो. खरं बोलायची त्याची सोय आपणच ठेवत नाही. त्या ताईंनी "हे घेऊ नका" म्हणून स्वतःचं गिऱ्हाईक कमी केलं. अशा माणसाकडे साधं सँडविच मिळालं तरी तिथेच जावं, आणि गाडीवाल्या भाऊंनी "फळी एकच आहे" म्हटलं त्याचं उपकार मानावेत.

काहीजणी म्हणतील, पावच मर्यादेत बसत नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, आणि बेकरीतलं पीठ कधी दळलं कोणाला ठाऊक, त्यात खमीर. मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे तुमचं. सासूबाई पाव आयुष्यात खात आल्या नाहीत, मी चातुर्मासात खात नाही. ज्यांना संपूर्ण सोडणं जमतं त्यांना मनापासून वंदन. पण माझी मुलगी कॉलेजात आहे, उद्या पुण्याला नोकरीला जाईल, चौक्यातलं जेवण तिच्या मागे मागे जाणार नाही. तिने बाहेर खाल्लं तर मला ते कळावं आणि तिला ते मला सांगता यावं, इतकी माझी मागणी आहे. वर्षभर ती खोटं बोलत होती, त्यात निम्मा वाटा माझा होता.

परवा शनिवारी मी तिच्यासोबत गेले नाही, ती मैत्रिणींबरोबर गेली. पाच वाजता फोन आला. "आई, इथे मेयोत लसूण आहे, मी पाकीट बघितलं. चीज टोस्ट घेतेय, साधा." मागून मैत्रिणीचा आवाज, "अगं चटणीचं पण विचार ना!" मी म्हटलं, सहाच्या आत ये. ती साडेसहाला आली. डिसेंबरात साडेसहा म्हणजे अंधार. पण खाल्लं पाचलाच होतं म्हणाली, आणि मी पुढे काही विचारलं नाही.

तुमच्या गावात असं खरं सांगणारं कोणी असेल तर मला जरूर कळवा. त्यांनी काय करून दिलं ह्यापेक्षा कशाला नाही म्हणाले, ते आधी लिहा.