वारेची नोंद दफ्तरी हवी
मूल जन्मल्यानंतर बहुधा अर्ध्या तासाच्या आत वार पडते. परिचारिका ती तबकात उलटसुलट करून पाहते, सर्व खंड जागच्या जागी असून गर्भाशयात एखादा तुकडा राहिलेला नाही याची खातरजमा करते आणि मग शिरस्त्याप्रमाणे पिवळ्या पिशवीत तिची रवानगी होते. आईच्या जिवासाठी ही तपासणी अत्यावश्यकच आहे. परंतु ज्या अवयवाने नऊ महिने गर्भाचा योगक्षेम वाहिला, त्याचे साधे वजनही आपल्याकडील कित्येक प्रसूतिगृहांच्या दफ्तरात नोंदले जात नाही, हे मला अत्यंत खेदजनक वाटते.

पूर्ण दिवसांची वार सुमारे अर्धा किलो भरते. मातेच्या रक्तातील अन्न केवळ गर्भाकडे पोहोचविणारी ती निष्क्रिय चाळणी नव्हे. त्यातील मोठा हिस्सा ती स्वतःच वापरते. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला हेक्झोकायनेज हे विकर फॉस्फेट जोडून आतच जखडून ठेवते, आणि प्राणवायूची ददात नसतानाही त्यातील बराच भाग लॅक्टेटमध्ये रूपांतरित होऊन माता व गर्भ या दोघांकडेही जातो. पहिल्या सुमारे दहा आठवड्यांत तर मातेचे रक्त वारेत मोकळेपणी खेळतच नाही, कारण गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची मुखे वारेच्याच पेशींनी बुजलेली असतात. त्या काळात गर्भाशयातील ग्रंथींच्या स्रावावर आणि प्राणवायूच्या अत्यल्प पुरवठ्यावर सारा कारभार चालतो.

गर्भाशयाची तयारीही तितकीच विलक्षण आहे. साठ-सत्तर ग्रॅमचा हा स्नायू दिवस भरेपर्यंत सुमारे एक किलोचा होतो. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने त्यात क्रिएटिन कायनेज हे विकर वाढते, आणि कळ येऊन रक्तप्रवाह मंदावतो त्या क्षणांत हेच विकर ऊर्जेची राखीव गंगाजळी स्नायूला मोकळी करून देते.

वारेच्या वजनाची नोंद पुढे कशी उपयोगी पडते, याचे एक उदाहरण पाहा. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे 1935 ते 1943 या काळात जन्मलेल्या मुलांच्या वजनाबरोबर वारेचेही वजन नोंदले गेले होते. त्यातील साडेचारशेच्या आसपास व्यक्ती पन्नाशीच्या घरात आल्यावर साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच जुनी बाडे धुंडाळली, आणि 1990 मध्ये असे दाखवून दिले की, ज्यांचे जन्मतः वजन कमी परंतु वार मोठी होती, अशांचा रक्तदाब सर्वांत अधिक होता. ज्या सुईणींनी ते आकडे निष्ठेने लिहिले, त्यांना ते पुढे कशाच्या उपयोगी पडतील याची सुतराम कल्पना नसणार! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने 1993 पासून आसपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातही, गरोदरपणापूर्वी जिचे वजन कमी, तिची वार गर्भारपणाच्या मध्यावर सोनोग्राफीत लहान दिसली. गरोदर स्त्रियांसाठीच्या लोहाच्या गोळ्यांचे वाटप मात्र गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होते. वारेची जडणघडण तोवर बरीच पुढे गेलेली असते, म्हणून मुलींच्या आहाराची तजवीज त्याआधीच व्हावयास हवी.

नोंदीसाठी नव्या यंत्राची गरज नाही; बाळाचे वजन करणारा काटा तेथे असतोच. मात्र नाळ व पडदे काढून वजन करावयाचे की त्यांच्यासह, आणि रक्त निथळू द्यावयाचे की नाही, याचा एकच नियम आरोग्य खात्याने परिपत्रकाद्वारे ठरवून द्यावा, अन्यथा एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्या जिल्ह्याशी ताडून पाहता येणार नाही.