आधी शिकवा, मग बाळ हाती द्या

दोन किलोच्या बाळाचा डोस काढताना दशांशचिन्ह एक घर सरकले, की औषध थेट दसपट होते. म्हणून बालवॉर्डात प्रत्येक डोस वजनावर काढायचा, दोघी सिस्टरनी ताडून पाहायचा आणि मगच सिरिंजमध्ये भरायचा. कॅन्युला 24 नंबरची, पिवळी; अगदी इवल्या बाळाला त्याहून बारीक, 26 नंबरची. नस सुतासारखी आणि बाळ हात झटकत असते. कुठे दुखते हे हा पेशंट सांगणार नाही. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागले, की ती धोक्याची खूण. ती ओळखायची सिस्टरने, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात.

जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे संपवून, नर्सिंग परिषदेची नोंदणी घेऊन आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीवर किंवा मुलावर हे काम पहिल्याच नोकरीत पडू शकते. बालआरोग्य अभ्यासक्रमात असते, वॉर्डातल्या ड्युट्याही झालेल्या असतात. पण तेव्हा बाळाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी होती.

जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षासाठी चार दिवसांचे वर्ग आणि मोठ्या केंद्रात दोन आठवड्यांचा प्रत्यक्ष अनुभव असे प्रशिक्षण आखलेले आहे. चांगलेच आहे. मात्र माणसे कमी पडली, की हीच शिकलेली सिस्टर दुसऱ्या वॉर्डात पाठवली जाते आणि तिच्या जागी नवखी येते. यात नुकसान बाळाचे होते.

शिकवण्याने काय घडते, हे गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत बेताचे शिक्षण झालेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवली. शेजारच्या गावांच्या तुलनेत तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. खेड्यातल्या घरात जे जमले, ते रुग्णालयात का जमू नये?

आणि सगळेच काम सुईचे नसते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अशा कामाचा पाया कुणीतरी पहिलटकरणीजवळ शांतपणे बसून, तिला दूध काढायला शिकवण्यात असतो. ते पाठ्यपुस्तकातून येत नाही, अनुभवी सिस्टरसोबत राहूनच येते.

म्हणून रुग्णालयांनी नव्या परिचारिकेला निदान पहिले तीन महिने एकटीने बाळे सांभाळायला देऊ नये, आणि तयार झालेल्या हातांना बालवॉर्डातून हलवू नये. या वाटेने जाणाऱ्यांनीही मुलाखतीत पगाराइतक्याच ठामपणे विचारावे: शिकवणार कोण, किती दिवस, आणि रात्री सोबत अनुभवी सिस्टर असेल का?