आधी अंगाचे ऐका, मग खेळा

शाळेत आपण सर्वांनी पाच ज्ञानेंद्रिये पाठ केलेली असतात. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा. ही यादी चूक नाही, पण अपुरी आहे. खात्री करायची असेल तर हे वर्तमानपत्र क्षणभर बाजूला ठेवा, डोळे मिटा, हात लांब पसरा आणि तर्जनीचे टोक नाकाच्या शेंड्याला लावा. बहुतेकांचे बोट बरोबर जागी पोहोचेल. हात तर दिसत नव्हता. मग तो कुठे आहे, कोपर किती वाकले आहे, हे मेंदूला कोणी कळवले?

हे कळवणारी यंत्रणा आपल्या स्नायूंत, सांध्यांत आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांत बसलेली आहे. सूत कातण्याच्या चातीसारख्या आकाराची सूक्ष्म इंद्रिये स्नायूंत असतात. स्नायू किती ताणला गेला, किती वेगाने ताणला गेला, याची खबर ती अखंड पाठवतात. कानाच्या आतल्या भागातील अर्धवर्तुळाकार नलिका डोके कुठे वळले ते सांगतात. या साऱ्या खबरा एकत्र करून लहान मेंदू हालचालींचा मेळ घालतो. या जाणिवेला इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. आपण तिला ‘अंगाची जाणीव’ म्हणू. छातीची धडधड, श्वास, तहान, थकवा आणि दुखणे यांच्या खबरा वेगळ्या मार्गाने येतात, पण त्याही आतल्याच.

ही जाणीव नसेल तर काय होते? १९७१ साली इंग्लंडमधील एका १९ वर्षांच्या तरुण खाटकाला विषाणूचा ताप आला आणि त्यानंतर मानेखालच्या शरीराची स्पर्शाची व स्थितीची जाणीव गेली. स्नायूंची ताकद शाबूत होती, पण त्याला उभेही राहता येईना. पुढे अनेक महिन्यांच्या चिकाटीने तो प्रत्येक पावलाकडे डोळ्यांनी पाहत चालायला शिकला. मात्र दिवे गेले की तो कोसळे. आपल्या गावातही याचे सौम्य रूप दिसते. जुन्या मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेला माणूस दिवसा नीट चालतो, पण तोंड धुताना डोळे मिटले की त्याचा तोल जातो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे प्रशिक्षक उदय देशपांडे, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकवला. ज्यांना खांब दिसत नाही त्या मुली खांबावर चढून तोल सांभाळतात, याचा अर्थ काय? खेळ डोळ्यांनी सुरू होत असेल, पण तो अंगात मुरतो तो या आतल्या जाणिवेने. तुम्ही सायकल कशी शिकलात ते आठवा. तोल कसा सांभाळायचा हे वडिलांनी कितीही समजावले तरी उपयोग झाला नाही. मागचा हात सुटला, दोन-चार वेळा गुडघे फुटले आणि एके दिवशी अंगालाच कळले. ते आजतागायत विसरलेले नाही.

आता संध्याकाळी कोणत्याही मैदानावर जाऊन पाहा. सात-आठ वर्षांचा मुलगा बॅट घेऊन उभा असतो आणि कडेला वडील, काका, प्रशिक्षक असे तिघे एकदम ओरडत असतात. “कोपर वर! डोके खाली! पाय पुढे!” मुलगा बिचारा चेंडू बघणार की कोपर सांभाळणार? चेंडू यष्टी उडवून जातो आणि ओरडा दुप्पट होतो. या पद्धतीने मूल खेळ शिकत नाही, घाबरायला शिकते.

अमेरिकेतील टेनिसचे प्रशिक्षक टिमथी गॅल्वे यांनी १९७४ साली ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की खेळाडूच्या डोक्यात एक हुकूम सोडणारा असतो आणि एक खेळणारा. हुकूम सोडणारा गप्प बसला, तर खेळणारा पाहून आणि अनुभवून पुष्कळ काही आपोआप शिकतो. एखादा फटका चुकला तर त्याला ‘वाईट’ म्हणायचे नाही. चेंडू कुठे गेला, रॅकेट हाताला कशी लागली, एवढेच टिपायचे.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आतली जाणीव म्हणजे प्रत्येक सांध्यावर पहारा ठेवणे नव्हे. खेळताना लक्ष कुठे असावे, यावर १९९८ पासून गॅब्रिएल वुल्फ आणि इतर संशोधकांनी पुष्कळ प्रयोग केले आहेत. हाताकडे-पायाकडे लक्ष ठेवणाऱ्यापेक्षा चेंडूच्या मार्गाकडे, लक्ष्याकडे लक्ष ठेवणारा बहुधा चांगला खेळतो, असे त्यांत दिसून आले. गोष्ट उघड आहे. जिना उतरताना प्रत्येक पायरीला गुडघ्याचा विचार करणारा माणूस हमखास अडखळतो. म्हणून फटका मारताना नजर चेंडूवर हवी. अंगाला काय जाणवले, हे फटक्यानंतर विचारावे. “कोपर वर का नाही घेतलेस?” असे दरडावण्यापेक्षा “या वेळी बॅटला चेंडू कसा लागला? मघापेक्षा काय वेगळे वाटले?” असे विचारले, तर मूल स्वतः शोधू लागते. चांगले वस्तादही डाव एकदा करून दाखवतात आणि मग पठ्ठ्याला मातीत सोडतात. बाकीचे माती शिकवते.

इथवरचा विषय खेळ चांगला येण्या न येण्याचा झाला. पण डॉक्टर म्हणून मला यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अंगाचे ऐकायचे नाही, हा धडा आपण मुलांना लहानपणापासून देतो आणि त्याची किंमत त्यांची हाडे व सांधे मोजतात.

शालेय स्पर्धांच्या दिवसांत दवाखान्यात एक मागणी ठरलेली असते. “डॉक्टर, उद्या फायनल आहे, एक इंजेक्शन मारा, म्हणजे पोरगी उद्यापुरती खेळेल.” कबड्डीत चढाई करताना मुलीचा गुडघा पिरगळलेला असतो, त्यावर सूज असते, आणि बरोबर आलेली मोठी माणसे मुलीऐवजी स्वतःच बोलत असतात. मी मुलीलाच विचारतो, “तुला काय वाटते गं?” ती आधी वडिलांच्या तोंडाकडे पाहते. माझ्या मते खरा आजार तिथे आहे. स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलायला त्या मुलीला दुसऱ्याची परवानगी लागते.

वेदनाशामक इंजेक्शनाने गुडघा बरा होत नाही. फक्त गुडघ्याची तक्रार वर पोहोचत नाही. अर्धवट फाटलेला बंध अशा वेळी पूर्ण फाटू शकतो, आणि एका ढालीसाठी मुलीचे पुढचे खेळणे संपू शकते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की सामना खेळता यावा एवढ्यासाठी वाढत्या वयाच्या मुलांना वेदनाशामक इंजेक्शन कोणा डॉक्टरने देऊ नये आणि कोणा पालकाने वा शिक्षकाने मागू नये. दुखण्यावर उपचार म्हणून औषध देणे वेगळे आणि दुखणे झाकून मैदानात उतरवणे वेगळे.

दुसरा वर्ग पोलीस भरतीच्या मुला-मुलींचा. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. जाहिरात निघाली की एकदम पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावणे सुरू होते. तीन-चार आठवड्यांत नडगी दुखू लागते. सोबतचे सांगतात, “सहन कर, सवय होईल.” थकव्याने पोटऱ्या भरून येणे आणि नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणे, यांत फार फरक आहे. पहिले दोन दिवसांत ओसरते. दुसरे धावण्याबरोबर वाढत जाते, पुढे चालताना आणि रात्री झोपेतही ठणकते. हाडाला बारीक चीर पडत असल्याची ती खूण असू शकते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती एक्स-रेमध्ये दिसतेच असे नाही. तेव्हा ‘फोटोत काही नाही’ म्हणून धावत राहू नये. वेळीच थांबलात तर काही आठवड्यांचे नुकसान होते. न थांबल्यास हाड मोडते आणि भरतीच हुकते.

घोट्याचेही असेच. घोटा एकदा मुरगळला की पुन्हा पुन्हा मुरगळतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे. याचे एक कारण असे, की बंध दुखावतात तेव्हा त्यांतील खबर देणारी चेतातंतूंची टोकेही दुखावतात. पाय वाकडा पडतो आहे हे उशिरा कळते, तोवर घोटा वळलेला असतो. सूज उतरली म्हणजे काम झाले असे नाही, ही जाणीवही परत शिकवावी लागते. त्याचा व्यायाम फुकटचा आहे. भिंतीजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा. ते जमले की हाताचा आधार सोडून, आणि मग डोळे मिटून. दुखणे पूर्ण थांबल्यावर हळूहळू उड्या. आपली जुनी लंगडी म्हणजे दुसरे काय? खो-खो, लंगडी, दोरीच्या उड्या या बिनभांडवली खेळांतून अंगाची जाणीव सहज घडते. शाळांनी खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेण्याऐवजी मुलांना लंगडी घालू दिली, तर माझ्या दवाखान्यातील काही गर्दी नक्की कमी होईल.

मोठ्यांनीही ही जाणीव वापरावी. व्यायाम किती जोराचा झाला हे मोजायला घड्याळी यंत्रच हवे असे नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अशी पट्टी तयार केली. स्वतःला वाटणाऱ्या श्रमाला जो आकडा द्याल त्याला दहाने गुणले, की निरोगी तरुणात नाडीचा अंदाजे ठोका येतो. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, हा बेताचा व्यायाम. दोन शब्दांनंतर दम लागतो, तो जोराचा.

आता पाळण्याच्या काही गोष्टी सांगतो.

१. खेळण्यापूर्वी दोन मिनिटे शांत उभे राहून श्वास, पाय आणि पाठ यांच्याकडे लक्ष द्यावे. कालचे काही दुखत असेल तर ते इथेच कळते.

२. नवा डाव किंवा फटका प्रथम सावकाश करावा. सावकाश केलेले अंगाला नीट कळते, वेग मागून येतो.

३. सांध्यात, हाडावर किंवा एकाच जागी टोचणारे दुखणे, सूज, लंगडणे यांपैकी काही असल्यास त्या दिवशी खेळ बंद.

४. उन्हात खेळताना चक्कर, मळमळ, डोके दुखणे, बोलण्यात विसंगती यांपैकी काही दिसल्यास लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालावे, वारा घालावा. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली तर पाणी घालत असतानाच रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था करावी.

५. चाळिशीनंतर चालताना वा खेळताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब वाटला तर ‘गॅस असेल’ म्हणू नये. तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. जुना मधुमेह असलेल्यांना अशी वेदना कधी जाणवतही नाही. नुसता अकारण दम लागणे किंवा घाम सुटणे हीदेखील त्यांच्यासाठी सूचना समजावी.

कोणी म्हणेल, असे प्रत्येक दुखण्याचे ऐकत बसले तर मुले नाजूक होतील. मला तसे वाटत नाही. अंगाची ओळख असलेला खेळाडू जास्त मेहनत करू शकतो, कारण थकव्याला तो घाबरत नाही. थकवा आणि इजा यांतला फरक त्याला कळतो. ज्याला तो कळत नाही, तो एक तर लवकर हार मानतो किंवा पाय मोडून घेतो.

आज मुलगा किंवा मुलगी खेळून घरी आली, की किती धावा काढल्या, किती गुण मिळवले हे जरूर विचारा. पण त्याआधी “आज कसे वाटले? कुठे काही दुखते का?” एवढे विचारा. आणि ‘दुखते’ असे उत्तर आले तर रागावू नका. आज रागावलात, तर उद्या ते तुम्हाला सांगायचे बंद करील.