दोन वीर, एक कोडे

चित्रकथेचे नाव काढताच पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. रंगीबेरंगी पोशाख, गगनभेदी उड्या आणि पानोपानी ठोसे यांपलीकडे तीत काय असणार, असा त्यांचा सवाल असतो. यांपैकी कित्येकांनी बालपणी इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाच्या कथा पाठ्यपुस्तकाआड लपवून वाचल्या असतील, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. आक्षेप मात्र जुनाच आहे. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथा मुलांना बिघडवतात असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी तेथील सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली, आणि प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. २०११ साली शेवटच्या प्रकाशकांनीही ती सोडून दिली.

सर्वच चित्रकथांचे वकीलपत्र घेण्याचा माझा विचार नाही. परंतु त्यांतील एक प्रकार विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा आणि पालकांनी तो वाचू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक वीर एकत्र येऊन एखाद्या रहस्याचा छडा लावतात, ती कथा म्हणजे हा प्रकार होय.

सुपरमॅन वाचकांपुढे आला १९३८ साली आणि बॅटमॅन १९३९ साली. ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर हे दोघे कैक वर्षे खांद्याला खांदा लावून झळकत. आत मात्र दोघांच्या कथा स्वतंत्र असत. १९५४ साली अंकाची पाने कमी करण्यात आली आणि दोन्ही कथांना जागा पुरेना. तेव्हा ७१ व्या अंकापासून दोघांना एकाच कथेत बसविण्यात आले. जागेच्या अडचणीपायी दोन बिऱ्हाडे एका घरात यावीत, तसाच हा प्रकार! परंतु या काटकसरीने लेखकांपुढे एक मोठाच पेच उभा केला.

सुपरमॅन आकाशात उडतो, त्याला बंदुकीची गोळी लागत नाही, भिंतीपलीकडचे त्याला दिसते. बॅटमॅनजवळ यातले काहीच नाही. कसलेले शरीर, साधने जमविण्यापुरता पैसा आणि तल्लख बुद्धी एवढेच त्याचे भांडवल. कोसळणारा पूल सावरावयाचा असेल, तर बॅटमॅनने काठावर उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, एवढेच त्याच्या हाती उरते. मग दोघांची जोडी समतोल व्हावी कशी?

उत्तर एकच: कथेत कोडे घालावे. पूल कोणी पाडला, कशासाठी पाडला, आणि पाडणारा आज कोणत्या वेषात वावरत आहे, असे प्रश्न निघाले की दंडातील बळ निरुपयोगी ठरते. तेथे राखेचा कण निरखणारा डोळा लागतो आणि साक्षीदाराच्या बोलण्यातील विसंगती टिपणारा कान लागतो. रहस्याच्या उंबरठ्यावर बलाढ्य आणि सामान्य समान पातळीवर येतात, आणि माझ्या मते या कथांचा खरा बोध हाच आहे.

सुपरमॅनच्या दृष्टीलाही लेखकांनी एक मर्यादा घातली आहे. शिशाच्या आड काय आहे, ते त्याला दिसत नाही. वरवर ही क्लृप्ती पोरकट वाटेल; पण तिच्यामागे मोठा विचार आहे. ज्याला सर्व काही दिसते, त्याला शोधण्यासारखे काही उरत नाही. आणि भिंत भेदणाऱ्या दृष्टीलाही माणसाच्या मनातला हेतू कोठे दिसतो? तो तर्कानेच ओळखावा लागतो.

या प्रकाराचा एक चांगला नमुना मार्च १९८७ मध्ये निघाला. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ हे नियतकालिक १९३७ साली सुरू झाले. त्याच्या पन्नाशीनिमित्त ५७२ व्या अंकात लेखक माइक बार यांनी अनेक सत्यशोधकांना एका कथेत आणले. बॅटमॅन आणि रॉबिन होतेच. सुपरमॅनच्याच जनकांनी, म्हणजे जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी, त्याच्याही आधी पहिल्या अंकात आणलेला साधा खाजगी गुप्तहेर स्लॅम ब्रॅडली होता. शरीर रबरासारखे ताणणारा एलाँगेटेड मॅन होता, आणि १८८७ साली वाचकांना प्रथम भेटलेला शेरलॉक होम्सही होता. यांतील एलाँगेटेड मॅन मला विशेष आवडतो. रहस्याचा वास लागला की त्याचे नाक थरथरते. हात कितीही लांबवता आला तरी त्या हाताला उत्तर लागत नाही. त्यासाठी त्यालाही इतरांसारखे डोके खाजवावे लागते.

सर्वच कथा या कसोटीला उतरत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. काही लेखक वीस पाने कोडे वाढवतात आणि शेवटी एका ठोशात ते फोडून टाकतात. काही जण महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवून ठेवतात आणि अखेरच्या पानावर जादूगाराप्रमाणे टोपीतून काढून दाखवतात. ही वाचकाची सरळ फसवणूक होय. वीराला जे दिसले ते वाचकालाही दिसले पाहिजे. चित्रकथेत तर ते चित्राच्या कोपऱ्यात उघडपणे ठेवता येते. म्हणून चांगली चित्रकथा शब्दांबरोबर चित्रेही वाचावयास शिकवते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गातही असे मेळे जमतात. विज्ञानाचा एखादा प्रकल्प चौघांना मिळून दिला जातो. एक हुशार विद्यार्थी सारे काम उरकून टाकतो आणि उरलेले तिघे सही करतात. त्या तिघांतील एखादीने तराजूचा काटा किंचित कललेला पाहिलेला असतो, पण तिला कोणी विचारीतच नाही. सुपरमॅनने बॅटमॅनला न विचारता निघून जावे, तसेच हे झाले. आणि मग प्रयोगाचे उत्तर चुकले तर नवल कसले?

तेव्हा अशी कथा हाती आली, तर शेवटच्या दोन पानांआधी थांबावे. मित्राला, बहिणीला किंवा चिकित्सक आजोबांना शेजारी बसवावे आणि प्रत्येकाने आपला तर्क सांगावा. पान उलटण्याची घाई सर्वांत बलवान असेल त्याने तरी करू नये.