पड म्हणजे ओसाड नव्हे

रांजणगांवच्या कारखान्यांमुळें शिरूर तालुक्यांत आणि पुणें-सोलापूर रस्त्याच्या सोईमुळें दौंड तालुक्यांत घरांच्या भूखंडांस मागणी आहे. कामगारांस निवारा हवाच. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु विक्रीस प्रथम निघतो तो माळ. कारण दप्तरीं त्याची नोंद ‘पड’ किंवा ‘पोटखराब’ अशी असते. या नोंदीचा अर्थ तेथें पीक नाहीं इतकाच. तेथें जीव नाहीं असा नव्हे. लांडगा, खोकड व चिंकारा यांचा संसार याच गवतावर चालतो, आणि धनगरांच्या मेंढ्याही तेथेंच चरतात. दौंडच्या शेजारीं सुप्याचें मयूरेश्वर अभयारण्य अवघें पांच चौरस किलोमीटरांचें आहे. भोंवतालचा माळ गेल्यास तेथील चिंकारे कोंडले जातील.

दुसरें टोकही हितावह नाहीं. १९७९ सालीं सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठीं ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत खासगी शेतें व गांवें आलीं, जमिनींचे व्यवहार अडले, लोक दुरावले. २०१२ सालीं तें सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. पक्षी तो नाममात्रच उरला.

म्हणून भूखंड पाडण्यापूर्वीं महसूल व वन खात्यांनीं ग्रामसभेसमक्ष माळाची पाहणी करावी. घरें गांवठाणालगत बांधावीं, गायरान अखंड ठेवावें, आणि जो खातेदार माळ राखील त्यास सरकारनें वार्षिक मोबदला द्यावा. जमीन विकणारे आपणच आहोंत. सौद्यापूर्वीं एवढा विचार व्हावा, कारण घरांखालीं गेलेला माळ पुन्हां मिळत नाहीं.