रावपुऱ्याला मधुमालतीच शोभते

इंग्रजी पुस्तकांतून 'हनीसकल' नामक सुगंधी वेलीची वर्णने वाचून ती आपल्या दारी असावी, असे पुष्कळांना वाटू लागते. त्या शब्दाचे भाषांतर पुष्कळदा 'मधुमालती' असे केले जाते आणि मग दोन्ही वेली एकच, असा ग्रह होऊन बसतो. वस्तुतः त्यांचे कूळही एक नाही. हनीसकलचे शास्त्रीय नाव लोनिसेरा. ते सोळाव्या शतकातील जर्मन वनस्पतिज्ञ लोनिसर यांच्यावरून पडले. आपली मधुमालती मात्र अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्या गोत्रातील.

आमचे मत असे की, रावपुऱ्यात वेल लावावयाची तर मधुमालतीच लावावी. हनीसकल ही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांची रहिवासी. वैशाखात येथील पारा चाळीस अंशांवर चढतो. तेव्हा तिला जपत बसण्यापेक्षा, जिला ऊनच मानवते तिला जवळ करणे शहाणपणाचे नव्हे काय?

शिवाय प्रश्न जागेचा आहे. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली नगराला सयाजीबाग दिली खरी. परंतु चिमणाबाई टॉवरच्या आसपासच्या गल्ल्यांत राहणाऱ्या एखाद्या थकलेल्या आजींना रोज तेथवर जाणे कसे साधावे? मधुमालतीला दाराशी हातभर माती पुरते आणि ती स्वतःच वर माडीच्या सज्जापर्यंत जाते. पान गळाले तरी देठाचा खालचा भाग काट्यासारखा खोडावर राहतो. त्याच्या आधाराने ती चढते. प्रारंभी झुडूप आणि पुढे वेल, असे तिचे रूप पालटते. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियसने तिला जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'कोण? कशी?' असा आहे!

तिची फुले सायंकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होतात. एकाच घोसात तीन रंग पाहून कोणी कलमाची शंका घेतात, ती व्यर्थ होय. पांढऱ्या फुलांच्या सुगंधाने रात्री लांब सोंडेचे पतंग येतात. दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे. वाहनांच्या धुराने कोंदलेल्या आपल्या गल्लीत एवढे पाहुणे दुसरे कोण आणणार?

वेलीने भिंत खराब होते, पालापाचोळा साचतो, असा वडीलधाऱ्यांचा आक्षेप असतो. तो अगदीच खोटा नाही. मधुमालती फार भराभर वाढते व भारी होते. जुन्या वाड्याच्या पोपडे सुटलेल्या भिंतीवर तिचा भार मुळीच घालू नये. लोखंडी नळ्यांचा मांडव करावा, विजेच्या तारांपासून तिला दूर ठेवावे आणि बहर ओसरल्यावर निर्दयपणे छाटावे. फुले नव्या फुटीवर येत असल्याने छाटणीने तिचे हितच होते. ज्यांना एवढे कष्ट नकोत, त्यांनी कुंडीत मोगरा लावावा.

रोप विकत आणण्याचेही कारण नाही. मृगाच्या पावसात शेजाऱ्यांच्या वेलीची एखादी फांदी मातीत दाबून ठेवली की तिला मुळ्या फुटतात. आपल्या शाळेचे मागील कुंपण वर्षानुवर्षे उघडे आहे. येत्या जूनमध्ये प्रत्येक वर्गाने तेथे एक फांदी आणून लावावी, अशी आमची सूचना आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोणी घालावयाचे, हे मात्र आधीच ठरवावे लागेल.